ओल्मेताचं विरजण

इतर गावांत पुरुष संध्याकाळी गुत्त्यात भांडतात. आमच्या ओल्मेतात पहाटे पाचला भांडायचे, डेअरीच्या दारात, हातात दुधाचे कॅन घेऊन. चाळीस घरं होती आणि मतंही तितकीच. अर्धे समाजवादी, उरलेल्यांतले बरेच पाद्रीच्या बाजूचे, आणि आमचा न्हावी निल्लो हा एकटाच अराजकवादी. त्याची गाय मात्र बायकोच्या माहेरून आलेली होती, याची त्याला रोज कोणीतरी आठवण करून द्यायचं. संप करावा की नाही, देव आहे की नाही, कुणाच्या दुधात पाणी आहे, सगळे विषय एकाच रांगेत निघायचे. मी माडीवरून ऐकायचे. मला घड्याळाची गरज कधी पडली नाही. निल्लोचा आवाज चढला की उठायची वेळ झाली.

माझे बाबा प्रोस्पेरो त्या डेअरीत चीज करायचे. सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, पाद्रीसुद्धा. डेअरी सहकारी, म्हणजे सगळ्यांची. आणि आम्ही तिच्या माडीवर राहायचो. नोकरीबरोबर घर मिळालं होतं, नोकरीबरोबरच जाणार होतं. पण मी त्या माडीवर जन्मले, तिथंच चालायला शिकले. ती आपली नाही हे मला सांगितलेलं होतं, पटलेलं नव्हतं.

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ताज्या निवळीचा, चीज काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचा, वास कुठं आला तर अजून जिना शोधते.

आमचं काम असं चालायचं. संध्याकाळचं दूध उथळ टाक्यांत ओतून ठेवायचं. सकाळपर्यंत साय वर येते, ती काढून लोण्याला. खालच्या दुधात सकाळचं ताजं दूध मिसळायचं आणि ते तांब्याच्या काहिलीत घ्यायचं. मग विरजण घालायचं. विरजण म्हणजे कालच्या चीजची निवळी, रात्रभर उबेत आंबवलेली. आजची निवळी उद्याला, उद्याची परवाला, असं ते आमच्याकडे सतरा वर्षं एक दिवसही न तुटता चाललं होतं. नाताळला नाही, लढाईत नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत आई गेली. संध्याकाळी तिला दफनभूमीत ठेवून आलो आणि तिची विरजणाची बादली मी घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवली. किती जवळ ठेवायची ते कोपर लावून ठरवायचं असतं. ते मला आईनंच शिकवलं होतं.

विरजण चुकलं तर जूनच्या उन्हात चीजची चाकं आठवड्याभरात फुगतात, तडकतात आणि डुकरांपुढे जातात. नवं विरजण धरायला दहा दिवस तरी लागतात. परगावाहून आणावं तर त्या उकाड्यात ते वाटेतच मरतं. तेव्हा डेअरीचा जीव काहिलीत नव्हता, इमारतीत नव्हता. तो माझ्या बादलीत होता.

आणखी एक रीत होती. बाबांनी काहिलीत रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध गोठवायचं द्रव्य, घातलं की दूध गोठेपर्यंत डेअरीत कोणी बोलायचं नाही. टोप्या हातात घेऊन सगळे उभे. दहा-बारा मिनिटं. निल्लोसुद्धा. आवाजानं दूध तडकतं असं म्हातारे सांगायचे. बाबांना मी एकदा विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, "खरं कुठलं! पण हे चाळीस जण दिवसातून बारा मिनिटं गप्प बसतात, ते काय कमी आहे?" मग बाबा कोपरापर्यंत हात आत घालायचे, बोटांनी दूध तपासायचे आणि मान हलवायचे. की लगेच भांडण जिथं तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू. देवळातली शांतता मी पुष्कळ पाहिली, पण तिथल्यासारखी नाही.

मुलं यायची ती कडांसाठी. कालच्या चाकाची कड कापून सारखी केली की पांढऱ्या लवचीक पट्ट्या निघतात. त्या मुलांच्या. दातांत किर्रर्र वाजायच्या. त्या मुलांत ओलिन्तो असायचा, जमीनदाराच्या कारभाऱ्याचा मुलगा. घरी कशाची कमतरता नव्हती, पण पट्टीसाठी तो सगळ्यांच्या पुढे. माझ्या वाट्याची पट्टी त्यानं किती वेळा ओढून घेतली असेल! मी रडले की बाबा दोघांना नवी द्यायचे. म्हणायचे, "हा पुढं मोठा माणूस होणार बघ, याची भूकच मोठी आहे."

ओलिन्तो लढाईवर गेला आणि एकोणीस साली लेफ्टनंट होऊन आला. छातीवर पदक, एका पायानं किंचित लंगडत. पहिल्याच सकाळी गणवेश घालून रांगेत आला, सगळ्यांना भेटायला. आमच्याकडच्या समाजवाद्यांना लढाईचं नाव काढलेलं खपत नसे. कोणीतरी म्हणालं, "सरका रे, सरका! सेनापती दूध घालायला आलेत!" सगळे हसले. बाबाही हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? ओलिन्तोनं टोपी घातली आणि परत गेला. त्याला कोणी पट्टी दिली नाही. तो आता मोठा झाला होता ना.

पुढच्या दोन वर्षांत ट्रक यायला लागले. काळे शर्ट घातलेली मुसोलिनीच्या पक्षाची तरुण पोरं, कुणी शहरातली, कुणी शेजारच्या गावातली, गाणी म्हणत यायची. नदीपलीकडचं सहकारी दुकान जाळलं. त्याचा धूर आम्ही माडीवरून पाहिला. मग एकवीस सालच्या शरदात एका दुपारी त्यांनी निल्लोला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि पेलाभर एरंडेल पाजलं. चौकात, सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोर म्हणजे बंद खिडक्यांसमोर. बाहेर कोणीच नव्हतं. त्या पोरांत ओलिन्तो होता. पेला त्याच्या हातात नव्हता, असं सांगतात. त्याच्या हातात निल्लोची टोपी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निल्लो कॅन घेऊन आला. चेहरा पांढराफटक. कोणी त्याच्या गायीवरून चिडवलं नाही. त्यानंतर आमच्या रांगेत बारा मिनिटांच्या शांततेला काही अर्थच उरला नाही. पहाटेपासूनच सगळे गप्प. ती शांतता वेगळी होती. मी माडीवर पडून वाट पाहायचे, आता कोणीतरी ओरडेल, आता देवाला शिव्या घालेल. नुसतीच कॅनची झाकणं वाजायची.

बावीस सालच्या मे महिन्यात ओलिन्तो डेअरीत आला. बाबा मिठाच्या पाण्यातली चाकं उलटत होते. विवाल्दो त्यांच्या हाताखाली होता. हा विवाल्दो सव्वीस वर्षांचा, बाबांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला, आणि द्राक्षांचा हंगाम संपला की माझा नवरा होणार होता. बोलायला फटकळ. मला तेच आवडायचं.

"उस्ताद," ओलिन्तो म्हणाला, "मंडळ बदलतंय. नवे संचालक येताहेत. सह्या झाल्यात."

"कुणाच्या?"

"ज्यांच्या हव्या होत्या त्यांच्या. तुमची नोकरी कुणाला नकोय. इतकंच, पक्षाचं कार्ड घ्या आणि रविवारी दारावर झेंडा लावा. बाकी सगळं होतं तसंच."

बाबा चाक उलटत राहिले. "दूध आणायला सगळे येतात ओलिन्तो. दारावर एकाचा झेंडा लावला तर बाकीच्यांनी काय खिडकीतून यायचं?"

"बाकीचे उरलेच कुठं?"

"तू उरलायस की. लहानपणी कुणाच्या पक्षाचा म्हणून देत होतो रे तुला पट्ट्या?"

ओलिन्तो लाल झाला. मला तेव्हा त्याची दया आली, आणि ती आलेली मला आवडली नाही. "उस्ताद, मी तुमच्यासाठी भांडून आलोय," तो म्हणाला. "ते लोक तुम्हाला विचारणारसुद्धा नव्हते. सेंट जॉनच्या सणापर्यंत वेळ आहे. नाहीतर चोवीस जूनला दुसरा माणूस येईल आणि तुम्ही माडी खाली कराल."

तो गेल्यावर विवाल्दो म्हणाला, "येऊ दे की दुसरा माणूस. विरजण कुठून आणेल?"

त्यातून बेत ठरला. मुद्दा साधा होता. नव्या संचालकांना शहरात मिरवायचं होतं, बघा, आमच्या हाती डेअरी आली आणि एक दिवस बंद पडली नाही. ती बंद पाडायची. तेवीसच्या संध्याकाळी कोणी दूध आणायचं नाही. चोवीसला पहाटे विरजण डुकरांच्या हौदात ओतायचं. नवा माणूस रिकाम्या टाक्यांपुढे उभा राहील. आसपासच्या सहा डेअऱ्यांच्या उस्तादांनी बाबांना शब्द दिला होता की त्याला थेंबभर विरजण मिळणार नाही. दहा दिवस. जूनचं दूध, वर्षातलं सगळ्यात चांगलं. दहा दिवसांत ओलिन्तोला स्वतः येऊन बाबांना परत बोलवावं लागेल, कार्डाशिवाय, झेंड्याशिवाय. आणि ओल्मेतात जमलं तर त्या सहा डेअऱ्याही वाकणार नाहीत. त्या आमच्याकडेच डोळे लावून बसल्या होत्या.

"ट्रक भरून माणसं आली तर?" निल्लोनं विचारलं. विचारायचा हक्क त्याचाच होता.

"येऊन कुणाला मारतील?" विवाल्दो म्हणाला. "चाळीस घरांत कुणाच्या गायीला त्या दिवशी दूध आलं नाही. एक बादली लवंडली. बादलीला एरंडेल पाजणार काय?"

सगळे हसले. किती महिन्यांनी हसले! एकेकानं बाबांच्या हातात हात दिला. आर्दिल्यामावशीनंही दिला. ती विधवा, घरात दोन नातवंडं आणि गोठ्यात एक गाय. मी त्या दिवशी माडीवर जाऊन एकटीच नाचले. मला वाटलं, पुन्हा पहाटे भांडणं ऐकू येणार.

तेवीसची संध्याकाळ आली. आमचं सामान बांधून झालं होतं. बाबा काहिली घासत बसले होते. बंद पडणाऱ्या डेअरीच्या काहिली कशाला घासायच्या, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. टाक्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. बादली घोंगडीत होती. सवयीनं गुंडाळली होती, ओतायची असली तरी.

सातच्या सुमाराला मागच्या दारावर टकटक झाली. आर्दिल्यामावशी उभी होती. अंगावरच्या शालीखाली कॅन.

"मावशी! काय ठरलं होतं?"

"ठाऊक आहे गं बाई, ठाऊक आहे. पोरं पिऊन पिऊन किती पिणार? पनीर घातलं ते या उकाड्यात दुपारीच आंबलं. गटारात ओतायला गेले, खरंच गेले. हात वळेना. आयुष्यात दूध ओतून दिलं नाही मी, इरिदे. एकच कॅन आहे. एवढ्यानं काय होतंय? कोपऱ्यातल्या टाकीत घाल, कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी तिला परत पाठवायला हवं होतं. शेजारचा गोठा दाखवायला हवा होता, डुकरं दाखवायला हवी होती. मी टाकी सुलटी केली आणि तिचं दूध आत घेतलं. सत्तावन्न वर्षांत मी त्या क्षणाला पुष्कळ कारणं दिली आहेत. ती म्हातारी होती. दूध सुंदर होतं. खरं कारण इतकंच की दूध परत पाठवायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

पाच मिनिटांनी ती दारातून बाहेर पडत होती तेव्हा निल्लोच्या बायकोनं तिला पाहिलं. तीही कॅन घेऊन कुंपणापाशी उभीच होती. मग एकेक जण. मागच्या दारानं, खाली मान घालून. "एकच आहे." "आमचं थोडंच आहे." "आर्दिल्याचं घेतलंस ना?" कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. आणि जाताना जो तो तेच म्हणायचा, "उद्या उस्ताद विरजण ओतणार आहेतच ना? मग बेत काही मोडत नाही."

प्रत्येकानं आपापलं दूध वाचवलं आणि ओतायचं काम आमच्यासाठी ठेवलं. बाबांनी कानोसा घेतला असणार. ते काहिलीपासून उठले नाहीत.

सकाळी अजून पुरतं उजाडलं नव्हतं तेव्हा आम्ही तिघं खाली जमलो. बाबांनी टाक्यांच्या खोलीचं दार उघडलं. सगळ्या टाक्या काठोकाठ भरलेल्या. जूनची साय, पिवळसर, बोटभर जाड. बाबा दारात थांबले. त्यांच्या तोंडून "अरे" इतकंच निघालं.

विवाल्दो माझ्याकडे वळला. "कुणी घेतलं हे?"

"मी."

"इरिदे, तू?" मग त्यानं आवाज खाली आणला. "बरं. जाऊ दे. बादली दे इकडे. हे दूधही ओतू. सगळं ओतू."

"विवाल्दो, हे सगळ्या गावाचं आहे."

"म्हणूनच! गावाचं आहे म्हणूनच!"

अंगणात ट्रक थांबल्याचा आवाज आला. ओलिन्तो उतरला, बरोबर चौघं काळ्या शर्टातले, आणि त्यांच्या मागून नवा माणूस. त्याला मी राक्षसासारखा कल्पून ठेवला होता. तो पन्नाशीचा, खांदे पडलेला, डोक्यावरची टोपी आधीच हातात घेतलेली. आन्सेल्मो त्याचं नाव. दारातून त्याला टाक्या दिसल्या. मग माझ्या हातातली बादली दिसली. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मला ओळखता आलं, कारण तोही उस्तादच होता. ती बादली गेली तर या सायीचं काय होणार, ते त्या अंगणात आमच्याशिवाय त्यालाच एकट्याला कळत होतं.

रांगही आली होती. सकाळचं दूध घेऊन, नेहमीसारखी. आर्दिल्यामावशी सगळ्यात पुढे. 

बाबांनी माझ्यापुढे हात केला. विवाल्दोनंही केला. दोघांच्या मध्ये मी, दोन्ही हातांनी बादली धरून. विवाल्दोला दिली असती तर तो तीन पावलांत हौदापाशी गेला असता. बाबांना दिली तर काय होणार हे मला ठाऊक होतं. त्यांच्या काहिली रात्रीच घासून तयार होत्या.

मी ती बाबांना दिली.

बाबांनी त्या दिवशी चीज केलं. साय काढली, सकाळचं दूध मिसळलं, विरजण घातलं. आन्सेल्मोला जवळ बोलावून बोट बुडवायला लावलं आणि म्हणाले, "आमचं जरा जास्त आंबट असतं. कमी घाला. उन्हाळ्यात आणखी कमी." रेनेट घातलं तेव्हा अंगणातल्या चाळीस जणांनी टोप्या काढल्या. ओलिन्तोनंही काढली. त्याच्याबरोबरच्या पोरांना काही कळेना, त्यांनी त्याच्याकडे पाहून काढल्या. बारा मिनिटं आमच्या ओल्मेतात पूर्वीसारखी शांतता होती. मला सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. वाटलं, हे थांबूच नये.

बाबांनी हात बाहेर काढला आणि मान हलवली. तेव्हा विवाल्दोनं कमरेचा एप्रन सोडला, घडी घातली, खुंटीवर ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेला. मी त्याच्यामागे कुंपणापर्यंत धावले.

"विवाल्दो, दूध होतं रे! दूध कसं ओतायचं?"

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "मी पण नऊ वर्षं तेच शिकलोय. मला काय सोपं होतं?"

तो फ्रान्सला गेला. तिथून दोनदा पत्र आलं. पहिल्यात त्यानं मला बोलावलं होतं. बाबांना एकटं टाकून कशी जाऊ, असं मी लिहिलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. दुसऱ्या पत्रात त्यानं लग्न केल्याचं कळवलं.

त्या आठवड्यात शहरातल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ओल्मेताची डेअरी शांततेत नव्या मंडळाकडे गेली, गावानं नेहमीसारखं दूध घातलं, आणि जुन्या उस्तादांनी स्वतःच्या हातानं विरजण दिलं. एकही शब्द खोटा नव्हता. पुढल्या महिन्याभरात त्या सहा डेअऱ्याही गेल्या. कुणाला मारावं लागलं नाही. नदीपलीकडचा उस्ताद बाबांना बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "तुम्ही दिलंत, मग मी कोण मोठा लागून गेलो?" बाबांनी त्याच्यापुढे उत्तर म्हणून हात जोडले. ऑक्टोबरात मुसोलिनी रोमला पोचला तेव्हा शहरातल्या लोकांना फार धक्का बसला. आम्हाला नाही बसला.

आम्ही शहरात स्टेशनमागे एक खोली घेतली. बाबा भाजीबाजारात पेट्या उचलायचे. त्यांचे हात त्या कामाचे नव्हते. चाळीस वर्षं गरम दुधात राहिलेले मऊ हात, ते सोलवटून गेले. पहाटे चारला उठायची सवय मात्र गेली नाही. उठून बसायचे. घरात चीज येत नसे. परवडत नव्हतं असं मी शेजारणींना सांगायचे, पण बाबांनी एकदाही मागितलं नाही आणि मीही आणलं नाही.

चोवीस सालच्या ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी दारात आन्सेल्मो उभा राहिला. तशीच टोपी हातात. बगलेत फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"उस्ताद, परवा त्या दिवसाचं चाक फोडलं," तो म्हणाला. "चोवीस जूनचं, दोन वर्षं मुरलेलं. तुमच्या हातचं. मी म्हटलं, तुम्हाला न देता कसं..."  त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं. मी बसा म्हटलं तर बसला नाही. खाली गाडी थांबलीय म्हणाला आणि गेला.

बाबांनी दार लावायला सांगितलं. फडकं सोडलं. वाळल्या गवताच्या रंगावर गेलेलं, कणीदार, आत पांढरे ठिपके पडलेलं. त्यांनी नाकाजवळ धरलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग आमच्याकडे राहिलेल्या एकाच आखूड सुरीनं एक तुकडा मोडला. चीज कापायचं नसतं, मोडायचं असतं. तोंडात घातला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मनात एकच होतं: देवा, हे बिघडलेलं निघू दे.

बाबांचे डोळे भरून आले. ते चावत राहिले, गिळलं, आणि दुसरा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. त्यात ते दूध होतं, आर्दिल्यामावशीच्या एकुलत्या गायीचं, निल्लोच्या, सगळ्या चाळीस घरांचं. आमचं कुरण, आमचा जून, आमची पहाट. असं चीज बाबांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांना पहिल्या घासातच कळलं.

"निदान खराब तरी निघायला हवं होतं गं," बाबा म्हणाले.

मी हात पुढे केला आणि आणखी एक तुकडा घेतला.